होन्नेकेऱ्याची मोरी

बंगळूरला नदी नाही हे कळल्यावर पद्माकर मोचेमाडकर दोन दिवस कोणाशी धड बोलला नव्हता, असं त्याचे कारखान्यातले मित्र सांगत. तो वेंगुर्ल्याकडचा, खाडीच्या काठावर वाढलेला. विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इतक्या लांब आला. पगार चांगला, हवा चांगली, राहायला क्वार्टर. पण संध्याकाळी कामावरून सुटल्यावर पाय आपोआप उताराकडे वळत आणि उताराच्या शेवटी पाणी नसे.

मग त्याला तळी सापडली. या गावाच्या भोवती जुन्या लोकांनी जागोजाग बांध घालून पाणी अडवलेलं. कन्नडमध्ये त्याला केरे म्हणतात. एका तळ्याचं पाणी सांडलं की खालच्या तळ्यात जातं, त्याचं आणखी खालच्या. पद्माकरनं सायकलवरून ती एकेक पाहिली, आणि १९५६ साली लग्न होऊन हेमलता घरात आली तेव्हा मागच्या पडवीत एका होडक्याचा सांगाडा उभा होता. एका विलायती मासिकात त्यानं कयाकचं चित्र पाहिलं होतं. लाकडाच्या लवचीक पट्ट्या वाकवून त्यानं बरगड्या केल्या, त्यावर कॅनव्हास ताणून बसवला आणि विमानाच्या पंखांच्या कापडाला लावतात ते रोगण त्यावर हातावर हात चढवलं. त्या रोगणाचा गोडसर, डोकं धरणारा वास लग्नानंतर कित्येक दिवस हेमलताच्या साड्यांना येत होता.

हेमलता साताऱ्याकडची, कोरड्या मुलखातली. पोहता येत नव्हतं. नवऱ्याचं हे वेड तिला आधी पोरकट वाटलं, नंतर सवयीचं झालं, आणि पुढे पुढे रविवारची वाट ती त्याच्यापेक्षा जास्त पाहू लागली. बरोबर नेहमी बसवंत असे. तो निपाणीचा, कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात. घरी मराठी, बाहेर कन्नड, दोन्ही सारख्याच सफाईनं बोलायचा. त्याला पाण्याचं काही वेड नव्हतं. पद्माकरचं होतं. पद्माकर जे करील ते बघत बसायला त्याला आवडायचं.

पहिल्यांदा होडकं अलसूरच्या तळ्यात घातलं. बघायला इतकी माणसं जमली की पोलीस आला आणि कसला परवाना आहे का विचारू लागला. हेब्बाळचं तळं मोठं आणि निवांत; थंडीत तिथं काळी पाणपाखरं शेकड्यांनी उतरत. हेमलता पहिल्यांदा पुढच्या बैठकीवर बसली ती तिथेच. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, श्वास रोखून. काही वेळानं तिनं एक हात सोडला आणि बोटं पाण्यात बुडवली. पद्माकर मागून हसला नाही, हे तिच्या लक्षात राहिलं. के. आर. पुरमच्या तळ्यावरून आगगाडी दिसे, डब्यांतली माणसं हात हलवीत. हेसरघट्ट्याला पहारेकऱ्यानं हाकलून दिलं, पिण्याचं पाणी म्हणून. अशी दोन-तीन वर्षं गेली. जवळची सगळी तळी पाहून झाली तेव्हा पद्माकर देवनहळ्ळी, होसकोटे असं लांब लांब बघू लागला. होडकं बसच्या टपावर दोरानं बांधायचं, कंडक्टर कुरकुरला की बसवंतनं त्याच्याशी कन्नडमधून गोड बोलायचं, आणि निघायचं.

पद्माकर स्वभावानं हसरा, कोणालाही मदतीला धावणारा. पण पाण्याबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलं खपत नसे. "समुद्र बघितलाय आम्ही," एवढंच म्हणायचा, आणि पुढच्या माणसाला गप्प बसावं लागायचं.

होसकोट्याच्या पुढे बैलगाडीच्या वाटेवर होन्नेकेरे नावाचं गाव आहे. तिथलं तळं त्या वर्षी काठोकाठ भरलं होतं. १९५९ चा जानेवारी. संक्रांत होऊन गेली होती, उन्हात बसलं तर ऊन हवंसं वाटावं असे दिवस. तिघं सकाळच्या बसनं होसकोट्याला उतरली, तिथून गाडी ठरवून तळ्यावर पोचली. लांबलचक मातीचा बांध, आतल्या अंगाला दगडांची उतरण, पलीकडच्या काठाला ताडाची झाडं, आणि बांधापासून थोडं आत पाण्यात उभे दोन दगडी खांब. खांबांवर आडवी शिळा टाकलेली. लांबून ते देवळाच्या दारासारखं दिसत होतं.

होडकं पाण्यात सोडायच्या आधीच बांधावरून एक माणूस तरातरा आला. चाळिशीचा असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चेहऱ्यावर त्रासिक भाव. तो मुनियप्पा, त्या तळ्याचा नीरगंटी. म्हणजे तळ्याचं पाणी कोणाच्या शेताला किती आणि केव्हा, हे सांभाळणारा गावचा माणूस. त्याच्या बापानं आणि आज्यानंही तेच केलं होतं. त्या दिवशी खालच्या शेतकऱ्यांची आपसांत पाण्यावरून भांडणं लागलेली, सकाळपासून त्याचं डोकं तापलेलं. त्यानं खांबांकडे हात केला.

"आ कडे होगबेडी," तो म्हणाला. मग आणखी बरंच काही.

"काय म्हणतोय?" पद्माकरनं विचारलं.

"तिकडं जाऊ नका म्हणतोय," बसवंत म्हणाला. "त्या खांबांच्या बुडाला मोरी आहे. दट्ट्या उचलला की पाणी बांधाखालनं कालव्याला जातंय. आज उघडायची आहे म्हणे."

"उघडताना हाक मार म्हणावं. तेवढ्या वेळ लांब राहीन."

बसवंतनं ते सांगितलं. मुनियप्पानं होडक्याकडे पाहिलं, तिघांकडे पाहिलं, "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि निघून गेला.

पद्माकर एकटाच पाण्यात गेला. हेमलताला थोडी कणकण होती, ती बांधावर चिंचेच्या सावलीत बसली. बसवंतनं तीन दगड मांडून चहाला आधण ठेवलं. मग वाऱ्यानं विस्तव धरेना म्हणून तो काटक्या शोधत बांधाच्या खाली उतरला. होडकं दूर ताडांच्या रांगेखाली बारीक दिसत होतं. वल्हं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला चमकायचं.

तेवढ्यात मुनियप्पा परत आला. दगडांच्या उतरणीवरून तो पाण्यात शिरला, चार हात मारून खांबांपाशी गेला आणि वर शिळेवर चढला. खाली पाण्यात गेलेला एक लाकडी दांडा शिळेतून वर आलेला होता. तो त्यानं दोन्ही हातांनी हिसके देत वर ओढला आणि खुंटी घालून अडकवला. हेमलता हे सगळं पाहत होती. त्यानं एकदा होडक्याकडे पाहिलं. होडकं फार लांब होतं. हाक मारली नाही. पुन्हा पाण्यात उतरून काठाला आला, ओला टॉवेल पिळला आणि बांधाच्या पलीकडे कालव्याकडे उतरून गेला. पाण्यावर काही दिसलं नाही. खळबळ नाही, आवाज नाही. तो माणूस काहीतरी दुरुस्त करून गेला, असं तिला वाटलं.

पद्माकर परतला तेव्हा तो खुशीत होता. लांबूनच त्यानं वल्हं उंच धरून दाखवलं. मग होडक्याचं नाक त्यानं खांबांकडे वळवलं. दोन खांबांच्या मधून, आडव्या शिळेखालून होडकं काढायचं त्याच्या मनात असावं. तेवढं अंतर होतं. हेमलताला तो दांडा आठवला, पण ती काय म्हणणार होती? तिनं हात हलवला. त्यानंही हलवला.

होडकं मधे शिरलं आणि थांबलं. दांड्याला लागून कॅनव्हास फाटला असावा. पद्माकर वाकून पाहू लागला, तेवढ्यात होडकं कलंडलं आणि तो पाण्यात पडला. ती घाबरली नाही. तो मासोळीसारखा पोहायचा. तो हसतच वर आला. एका हातानं होडकं धरून त्यानं ते मागं ढकललं, ते हललं नाही. मग खालून सोडवायला म्हणून त्यानं बुडी मारली.

वर आला तो त्याचा हात. मनगटापर्यंत. बोटं उघडली, मिटली, शिळेच्या दिशेनं गेली. शिळा बरीच वर होती.

हेमलता किंचाळली तेव्हा बसवंत काटक्या टाकून वर धावला. बांध चढून, दगडांवरून घसरत, कपड्यांनिशी तो पाण्यात गेला. त्याला पोहता येत होतं ते विहिरीतलं. त्यानं तो हात धरला आणि ओढला. पाय खांबाला लावून ओढला. पद्माकरचा एक पाय मांडीपर्यंत मोरीच्या तोंडात गेला होता आणि तळ्याचं सगळं पाणी त्याला आत दाबत होतं. बसवंत बुडी मारायचा, वर यायचा, पुन्हा बुडी मारायचा. शेवटी वर आला तो शिळेच्या खांबाला मिठी मारून नुसता धापा टाकत राहिला. हेमलता उतरणीच्या शेवटच्या दगडावर गुडघाभर पाण्यात उभी होती. त्या दोघांत आणि तिच्यात फार अंतर नव्हतं.

मदत आली ती उलट्या बाजूनं. खाली कालव्यात पाणी आलं होतं ते एकाएकी बारीक झालं, म्हणून शेतकरी चिडून मुनियप्पावर ओरडले आणि तो काय अडकलं ते बघायला बांधावर आला. त्यानं खांबांकडे पाहिलं, हेमलताकडे पाहिलं आणि खालच्या शेतकऱ्यांना ओरडून बोलावलं.

दट्ट्या खाली सोडता येत नव्हता; खाली माणूस होता. ओढून काढता येत नव्हतं. काही जण म्हणाले, दोर बांधून बैल लावा. बसवंतनं ते हेमलताला सांगितलं नाही, पण बैल आणलेले तिला दिसले आणि ती उठून बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिला त्यांची भाषा येत नव्हती. कोणी तिला बाजूला सारलं नाही. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सुचवलं की बांधाच्या पलीकडून, जिथं पाणी कालव्यात पडतं, ते तोंड बुजवा. आतली वाट पाण्यानं भरली की ओढ थांबेल. गाव कामाला लागलं. गवताच्या पेंढ्या, पोती, चिखल, घरांची जुनी कवाडं. बायका डोक्यावरून माती आणत होत्या. उन्हं कलायला आली तेव्हा ओढ सुटली आणि पद्माकर आपोआप वर आला. त्याचे डोळे उघडे होते. एका बाईनं आपल्या अंगावरचं घोंगडीसारखं जाडं पांघरूण काढून त्याच्यावर घातलं.

मुनियप्पाला त्याच संध्याकाळी होसकोट्याच्या ठाण्यात नेलं. होडकंही नेलं, पुरावा म्हणून. जबान्या झाल्या. हेमलताला कोणी काही विचारलं नाही. ती विचारण्यासारखी दिसत नव्हती.

पद्माकरचा थोरला भाऊ उपेंद्र मुंबईला कस्टममध्ये होता. वडील लवकर गेले. धाकट्याला त्यानंच वाढवला होता, त्यानंच पोहायला शिकवलं होतं. तार मिळाल्यावर तो निघाला, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. क्वार्टरच्या दारात ट्रंक हातात तशीच धरून तो उभा राहिला.

"पाण्यात?" तो म्हणाला. एरवी तो हेमलताशी शुद्ध बोलायचा. "माझो भाव पाण्यात मरूचो नाय."

त्यानं ट्रंक खाली ठेवली.

पुढचे दिवस तो ते एकच धरून बसला. पद्माकर पाण्यात मरणार नाही, म्हणजे कोणीतरी मारला. बसवंत रोज संध्याकाळी यायचा, त्याला उपेंद्र पुन्हा पुन्हा विचारायचा. त्या माणसानं मोरी केव्हा उघडली? हाक मारली होती का? तिकडे धोका आहे असं कोणी सांगितलं होतं का? बसवंत खाली बघून म्हणायचा, नाही, कोणी काही सांगितलं नाही. पोलिसांतही त्यानं तेच सांगितलं होतं. मुनियप्पानं मात्र जबानीत म्हटलं होतं की मोरी आपण पहाटेच उघडली होती, हे लोक यायच्या आधी. आणि आल्यावर त्यांना बजावलंही होतं. हेमलता आतल्या खोलीतून हे ऐकायची. पहिले काही दिवस तिला शब्द ऐकू यायचे, त्यांचा अर्थ पोचायचा नाही.

तेरावं झाल्यावर एका सकाळी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. अनवाणी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. ती मुनियप्पाची बायको, अक्कयम्मा. होसकोट्याहून के. आर. पुरमपर्यंत कोणाच्या तरी गाडीतून आणि पुढे विचारत विचारत चालत आली होती. रविवार होता, बसवंत आलेला होता. उपेंद्र व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. बाई आत आली नाही. फाटकाच्या गजांना धरून ती हळू आवाजात बोलत राहिली, मधे मधे पदरानं तोंड पुसत. हेमलता दारात आली. बाईचं बोलणं फार लांबलं नाही, पण त्यात एक शब्द दोनदा आला.

"काय म्हणते?" उपेंद्रनं विचारलं.

"दया करा म्हणते," बसवंत म्हणाला. "पोरंबाळं आहेत, असं."

"कोर्टात सांग म्हणावं."

बसवंतनं तिला काही सांगितलं. तिनं हेमलताकडे बघून हात जोडले आणि ती गेली.

बसवंत निघाला तेव्हा हेमलता त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पाऊल टाकत होती ते हे पहिलंच.

"ती होगबेडी म्हणाली," ती म्हणाली. "दोनदा. तुम्ही ते सांगितलं नाहीत."

बसवंतनं सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"वहिनी, तुम्हाला कन्नड येत नाही."

"बाजारात जाण्यापुरतं येतं. त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता. तुम्हीच अर्थ सांगितला होतात."

"होय." त्यानं सायकल फाटकाला टेकवली. "फौजदारानं विचारलं की हो मला, सांगितलं होतं काय तुम्हाला कुणी. मी अजून ओलाच होतो. होय म्हटलं तर लिहिणार, स्वतःच्या चुकीनं गेला. पद्माकरबद्दल तसं लिहून घ्यायचं? माझ्या तोंडून नाही निघालं. एकदा निघालं ते निघालं. आता दादा आलेत. त्यांच्यापुढं कसं फिरवू?"

"आणि तो तुरुंगात जाईल ते?"

"त्यानं उघडली की वहिनी. हाक मारतो म्हणाला आणि न मारता उघडली. तुम्ही तर वरच होतात, बघितलं असणार."

"बघितलंय. तेही सांगणार आहे."

"तुम्ही सांगणार?"

"मला विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर विचारा म्हणेन."

बसवंतनं मान हलवली. "त्यानं तुमचं काही परत येत नाही," तो म्हणाला. तिलाही ते माहीत होतं.

उपेंद्रला तिनं त्याच दिवशी सांगितलं, जेवणं झाल्यावर. लपवून ठेवून कोर्टात त्याला तोंडघशी पाडायचं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि सगळं क्रमानं सांगितलं. बजावणं, "हाक मार म्हणावं", मुनियप्पाचं न बोलता दांडा उचलणं, तिचं बघत बसणं, पद्माकरचं खांबांकडे वळणं.

उपेंद्रनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तुला बरं नव्हतं त्या दिवशी. ताप होता. भास होतात."

"कणकण होती, दादा. ताप नव्हता."

"मी त्याला तिसऱ्या वर्षी खाडीत टाकला," उपेंद्र म्हणाला. "कमरेला नारळ बांधून. चौथ्या वर्षी नारळ सोडले. माझ्या डोळ्यांसमोर शिकलाय तो. मोरीकडे जाऊ नको सांगितल्यावर तो जाईल होय? इतका मूर्ख होता तो?"

"मूर्ख नव्हते. पाण्याला ते आपलं समजायचे."

"तू कोर्टात बोललीस तर लोक काय म्हणतील ते कळतंय ना? नवऱ्याला बुडताना बघत राहिली आणि वर त्याच्यावरच दोष ठेवला."

"म्हणतील," ती म्हणाली.

होसकोट्याच्या कोर्टाच्या आवारात होडकं एका कडेला पालथं पडलेलं होतं. फाटलेल्या जागेतून आतल्या बरगड्या दिसत होत्या आणि सावलीला शेळीची दोन पिल्लं बसली होती. हेमलतानं तिकडे पुन्हा पाहिलं नाही. मुनियप्पाला आणलं तेव्हा तिनं त्याला ओळखलं नाही. दाढी वाढली होती, डोक्याला टॉवेल नव्हता. बसवंतची साक्ष आधी झाली. त्यानं जुनीच जबानी बारीक आवाजात पुन्हा सांगितली.

मग ती उभी राहिली. मराठी जाणणारा एक कारकून दुभाष्या म्हणून दिला होता. ती सावकाश बोलली, एकेक वाक्य झालं की तो सांगेपर्यंत थांबली. आम्हाला बजावलं होतं. माझ्या नवऱ्यानं ते ऐकलं होतं. या माणसानं हाक मारायचं कबूल केलं होतं. मोरी पहाटे उघडली नाही, आम्ही तिथं असताना उघडली. मी पाहिली. हाक मारली नाही.

मॅजिस्ट्रेटनं तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या पतीला तुम्ही सांगितलंत का, की मोरी उघडली आहे?"

"नाही," ती म्हणाली. "हा माणूस काय करतोय ते मला कळलं नाही. ते परत येताना मी हात हलवला."

दुभाष्यानं पहिली दोन वाक्यं सांगितली. तिसरं सांगायला तो अडखळला. मॅजिस्ट्रेटनं हातानंच पुरे अशी खूण केली.

निकाल महिन्याभरानं लागला. मुनियप्पाला निष्काळजीपणाबद्दल काही महिन्यांची साधी कैद झाली. बजावलं होतं हे धरून शिक्षा कमी केली असं वकील म्हणाला. बसवंतला खोट्या साक्षीबद्दल कोर्टानं चारचौघांत खडसावलं आणि सोडून दिलं. हेमलता पायऱ्या उतरत होती तेव्हा अक्कयम्मा समोर आली. साक्षीच्या दिवशी तिनं हेमलताच्या पायांना हात लावला होता. आज ती कन्नडमध्ये एकच वाक्य बोलली, मोठ्यानं नाही, आणि वळून गेली. हेमलताला ते कळलं नाही. बसवंत तिथेच होता. तिनं त्याला अर्थ विचारला नाही आणि त्यानं सांगितला नाही.

उपेंद्र साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेला होता. जाताना त्यानं पद्माकरचे कपडे ट्रंकेत भरले, घड्याळ घेतलं, भिंतीवरचा फोटो काढून वर्तमानपत्रात गुंडाळला. हेमलतानं एकाही वस्तूला नाही म्हटलं नाही.

"आईला मी सांगेन तेच खरं," तो दारात म्हणाला. "तू काही कळवू नकोस."

बसवंत एकदा आला. व्हरांड्यात बसला, चहा प्यायला, आणि उठताना म्हणाला की त्यानं बेळगावकडे नोकरी बघितली आहे. "हितं तळ्यावरनं बस जाती ना वहिनी, मला बाहेर बघवत नाही." ती म्हणाली, जपून राहा. त्यांच्यात तेवढंच बोलणं झालं. मुनियप्पा सुटून आला तोवर गावानं पाण्याचं काम दुसऱ्या घराला दिलं होतं; तो बायकापोरांना घेऊन कोलारकडे खडी फोडायला गेला, असं तिच्या कानावर आलं. खरं-खोटं तिनं कधी पाहिलं नाही.

कारखान्यानं तिला स्टोअरमध्ये नोकरी दिली. क्वार्टर सुटलं, मल्लेश्वरमला एका खोलीत ती राहू लागली. स्क्रू, रिबिटं, वायसर यांची इंग्रजी नावं पाठ झाली, कन्नड बोलायला येऊ लागलं. रविवारी ती कपडे धुवायची आणि झोपायची.

दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, ती कामावरून आली तर दाराशी सासू बसलेली. सकवारबाई सत्तरीच्या, कधी सावंतवाडीच्या पुढे न गेलेल्या. गावातल्या कोणाच्या तरी सोबतीनं त्या बेळगावपर्यंत आल्या होत्या आणि तिथून एकट्या. गाठोडं मांडीवर, त्यावर दोन्ही हात.

हेमलतानं पाया पडून आत घेतलं, पाणी दिलं. म्हातारीनं पाणी तसंच ठेवलं.

"उपेंद्र सांगता, त्येका मारल्यानी," ती म्हणाली. "तू कोर्टात येगळा सांगितलंस, म्हणान तुझा नाव काढूचा नाय म्हणता. तू माका सांग."

हेमलतानं सांगितलं. तिसऱ्यांदा. या वेळी तिनं पाण्याबाहेर आलेल्या त्याच्या हाताचंही सांगितलं, जे कोर्टात सांगितलं नव्हतं. सकवारबाई भिंतीकडे बघत ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "ल्हान आसताना माका सांगून कधी खाडीर गेलो नाय. जावं नको म्हटलंय काय जातलोच." मग त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्यांचं सगळं अंग हलू लागलं. हेमलता त्यांच्या शेजारी बसली. पद्माकर गेल्यापासून ती कोणाच्या जवळ अशी बसली नव्हती.

सकवारबाई तो हिवाळा तिच्याकडे राहिल्या. त्यांना बाहेरचं बोलणं कळायचं नाही, इथला तांदूळ आवडायचा नाही, थंडीनं गुडघे धरायचे. हेमलता संध्याकाळी येऊन त्यांना शेक द्यायची. दोघी पद्माकरबद्दल फारसं बोलत नसत. कधीतरी म्हातारी त्याच्या लहानपणचं काही सांगे आणि मधेच थांबे.

फेब्रुवारीत उपेंद्र त्यांना न्यायला आला. जिना चढून दारात उभा राहिला. केस बरेच पिकले होते.

"आत या, दादा," हेमलता म्हणाली. "चहा ठेवते."

"गाडीची वेळ झाली," तो म्हणाला.

गाडी रात्रीची होती आणि दुपारचे तीन वाजले होते. सकवारबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हेमलताकडे पाहिलं. मग गाठोडं बांधायला घेतलं. त्यांच्या बोटांना गाठ बसेना, तेव्हा हेमलतानं वाकून ती बांधून दिली. उपेंद्रनं गाठोडं उचललं, आईचा हात धरला आणि एकेक पायरी सांगत, सांभाळून, तिला खाली नेलं.